रानात हरवलेले मळे

गेल्या श्रावणात आमच्या शेजारच्या घरातील कन्या सुट्टीवर आली. ती जॉर्जियात, तिबिलिसी येथे वैद्यकाचे शिक्षण घेते. महाराष्ट्रातील मध्यमवर्गीय घरांतून अशी अनेक मुले-मुली अलीकडे त्या देशात जातात. इथल्या खासगी महाविद्यालयांचे शुल्क ज्यांना पेलत नाही, त्यांना तो मार्ग जवळचा वाटतो. असो, तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे. येताना तिने आमच्यासाठी खाकी कागदाची एक छोटी पुडी आणली. आत चहा होता. पण आपण ज्याला चहा म्हणतो ती काळी भुकटी नव्हती. लांबट, पिळदार, अखंड पाने होती. ‘काका, यात दूध-साखर घालू नका हं, आणि उकळूही नका,’ अशी ताकीद देऊन ती गेली. आमच्या घरी चहा म्हणजे आले, गवती चहा आणि सढळ हाताने साखर. तरीही आज्ञा पाळली. तांबूस पिवळ्या पाण्याला मधाचा आणि कुठल्याशा सुकवलेल्या फळाचा गंध होता. सौ.ने एक घोट घेऊन पेला खाली ठेवला आणि स्वतःसाठी वेगळे आधण चढवले, हेही प्रामाणिकपणे नोंदवले पाहिजे.

पुडीवर इंग्रजीत लिहिले होते, ‘रानात वाढलेला चहा’. हा काय प्रकार, म्हणून दुसऱ्या दिवशी त्या मुलीला बोलावून घेतले. ती ज्या घरी भाड्याने राहते, त्या घरमालकीणबाईंचे माहेर गुरिया नावाच्या प्रांतात आहे. मे महिन्यात ती आठ दिवस तिथे राहून, पाने खुडून आली होती. तिने जे सांगितले, ते ऐकल्यापासून हा विषय डोक्यातून गेला नाही. त्याचा संबंध केवळ एका दूरच्या देशातील एका कुटुंबाशी नाही, असे वाटले म्हणून हा लेखप्रपंच.

जॉर्जिया म्हणजे काळ्या समुद्राच्या पूर्व किनाऱ्यावरचा, काकेशस पर्वताच्या कुशीतला चाळीस लाखांहून कमी वस्तीचा देश. आपल्याकडे त्याची ओळख स्टालिनची जन्मभूमी एवढीच. गोव्याशी मात्र त्याचे नाते जुने आहे. धर्मांतरास नकार दिला म्हणून १६२४ साली इराणच्या शाह अब्बासाने शिराज येथे हालहाल करून मारलेल्या राणी केतेवानचे अवशेष पोर्तुगीज धर्मगुरूंनी जुन्या गोव्यात आणले होते. उत्खननात सापडलेल्या अस्थींची ओळख हैदराबादच्या शास्त्रज्ञांनी जनुकीय चाचणीने पटवली आणि जुलै २०२१ मध्ये परराष्ट्रमंत्री एस. जयशंकर यांनी त्यांतील काही भाग तिबिलिसीत जाऊन सन्मानपूर्वक जॉर्जियाच्या स्वाधीन केला. आपल्या राणीच्या अस्थी चारशे वर्षे मनातून जाऊ न देणारा हा समाज आहे.

या देशाचा पश्चिम भाग, म्हणजे गुरिया, अजारिया, समेग्रेलो आणि इमेरेती हे प्रांत, आपल्या कोकणासारखा. तांबडी आम्लधर्मी माती, डोंगरउतार आणि पाऊस! बातुमी बंदरात वर्षाकाठी सुमारे अडीच हजार मिलिमीटर पाऊस पडतो. फरक एवढाच, की हिवाळ्यात इथे बर्फ पडतो. चहाची लागवड जगात जिथवर उत्तरेला पोहोचली, त्या टोकाच्या प्रदेशांपैकी हा एक. बर्फामुळे किडींचा उपद्रव कमी राहतो आणि कीटकनाशकांची गरज फारशी भासत नाही. निसर्गाने दिलेली ही देणगी किती मोलाची, हे जॉर्जियाला कळायला फार मोठी किंमत मोजावी लागली.

इथे चहा रुजला तो एकोणिसाव्या शतकात. १८९३ साली ल्यू जुनझोउ नावाचा एक चिनी जाणकार काही सहकाऱ्यांसह, बियाणे आणि रोपे घेऊन बातुमीजवळच्या चाक्वी येथे आला. पोपोव्ह नावाच्या रशियन चहा व्यापाऱ्याने त्याला आणले होते. १९०० साली पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात त्या मळ्यांतील चहाला सुवर्णपदक मिळाले. सात वर्षांत सुवर्णपदक! हा गृहस्थ तीसहून अधिक वर्षे तिथेच राहिला, त्याने स्थानिक माणसे तयार केली आणि १९२६ साली मायदेशी परतला. झाडे कुणीही नेऊन लावू शकतो. ल्यूने झाडांबरोबर हात नेले, हे लक्षात ठेवावे. पुढच्या सगळ्या कथेची किल्ली तिथे आहे.

टनांचे राज्य

मग सोव्हिएत राजवट आली. मॉस्कोला परकीय चलन न खर्चता आपल्या प्रचंड लोकसंख्येची तहान भागवायची होती. जॉर्जियाच्या टेकड्याच्या टेकड्या चहाखाली आणल्या गेल्या. शेतकऱ्याची जमीन सामुदायिक शेतात गेली, तो आपल्याच बांधावर हजेरीपटावरचा मजूर झाला. न्याय्य राहायचे तर हेही सांगितले पाहिजे, की त्या काळात विज्ञानाचे काम मोठे झाले. कसेनिया बाख्ताद्झे या विदुषीने थंडीला तोंड देणारे चहाचे वाण विकसित केले. सोव्हिएत काळाच्या अखेरीस सुमारे ६७ हजार हेक्टरांवर चहा होता आणि सोव्हिएत संघात पिकणाऱ्या चहापैकी सुमारे ९५ टक्के चहा एकट्या जॉर्जियातून येत होता.

आकडे डोळे दिपवणारे आहेत. मात्र कारखान्याला बक्षीस मिळे ते टनांवर. पेल्यात काय उतरते याचा हिशेब कोणाकडेच नव्हता. चांगल्या चहासाठी कोवळी कळी आणि तिच्याखालची दोन पाने हातांनी खुडावी लागतात. साठच्या दशकात तोडणीचे यंत्र आले. त्या यंत्राचे नावच होते ‘साकार्तवेलो’, म्हणजे जॉर्जियन भाषेत त्या देशाचे स्वतःचे नाव. देशाचे नाव धारण करणाऱ्या या यंत्राने कळीबरोबर जून पाने, देठ, काटक्या असे सगळे सरसकट कापायला सुरुवात केली आणि देशाच्या चहाचे नाव धुळीला मिळाले. सोव्हिएत घरांत प्रतिष्ठा असे ती हत्तीचे चित्र असलेल्या ‘भारतीय चहा’च्या पुडीला. गंमत अशी, की त्या पुडीच्या खालच्या प्रतीत भारतीय पानांत जॉर्जियन पानांचीच भर घातलेली असे.

मात्र याच काळात गुरियातील घराघरांत दुसराच चहा होत होता. कारखान्याची पाळी संपवून आलेल्या बायका परसातल्या चार झुडपांची कोवळी पाने खुडून सावलीत कोमेजवत, लाकडी फळीवर तळहातांनी वळत, ओल्या फडक्याखाली झाकून ठेवत आणि मग वाळवत. हा चहा विक्रीचा नव्हता. घरच्यांसाठी आणि पाहुण्यांसाठी. सरकारच्या दृष्टीने त्याचे मोल शून्य होते. ज्या बायका दिवसभर यंत्रापुढे काड्या-कचऱ्याचा चहा करत, त्याच संध्याकाळी घरी उत्तम चहा करत. मालकी आणि आपलेपणा यांच्या अभावी माणसाच्या हातातील कसब कसे दुभंगते, याचे याहून बोलके उदाहरण प्रस्तुत लेखकाच्या तरी पाहण्यात नाही.

१९९१ साली सोव्हिएत संघ कोसळला. एका रात्रीत ठरलेला ग्राहक नाहीसा झाला. पाठोपाठ यादवी, १९९२-९३ चे अबखाझियाचे युद्ध, लाखो निर्वासित, वीज नाही, इंधन नाही. कारखान्यांची यंत्रे भंगाराच्या भावाने शेजारच्या तुर्कस्तानात विकली गेली. थंडीत लोकांनी चहाची झुडपे सरपणासाठी तोडली. जी उरली, त्यांच्यावर नेचे, काटेरी जाळ्या, रानवेली आणि पुढे आल्डरची झाडे माजली. कंबरेएवढे छाटून ठेवलेले चहाचे झुडूप मुळात एक झाड आहे. कोयता थांबला की ते पुन्हा झाड व्हायला निघते. प्रकाशासाठी धडपडत ही झुडपे दहा-बारा फूट उंच झाली आणि जंगलात दिसेनाशी झाली. पंचवीस-तीस वर्षे तिथे ना खत पडले, ना फवारणी झाली, ना कुणाचे पाऊल वाजले.

आजीचे नाक

आता त्या कुटुंबाकडे येऊ. आजी अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या. सव्वीस वर्षे गावच्या चहा कारखान्यात वळणी विभागात काम केलेल्या. मुलगा पन्नाशीचा, सून गावच्या शाळेत शिक्षिका, नातू आणि नात विशीच्या आगेमागे. १९९२ साली सुरू झालेल्या जमीनवाटपात खेड्यातील कुटुंबाला जास्तीत जास्त सव्वा हेक्टर जमीन मिळत असे, तशी यांनाही मिळाली. तीवर जुना चहाचा मळा होता. इतरांप्रमाणे यांनीही अर्ध्या भागातील झुडपे उपटून हेझलनट लावले, उरलेला अर्धा भाग रानाला सोडून दिला आणि मुलगा उन्हाळ्यात सीमेपलीकडे मजुरीला जाऊ लागला.

कसल्या मजुरीला? चहा खुडण्याच्या!

हे जरा सविस्तर सांगायला हवे. सीमेपलीकडे शे-सव्वाशे किलोमीटरवर तुर्कस्तानचा रिझे प्रांत आहे. माती तीच, पाऊस तोच, समुद्र तोच. तिथे चहा नव्हता. गेल्या शतकाच्या विसाव्या-तिसाव्या दशकांत तुर्की प्रजासत्ताकाने तो आणायचे ठरवले आणि १९३७ पासून टनावारी बियाणे आणले ते याच बातुमीहून. मात्र तुर्कांनी सामुदायिक शेते केली नाहीत. मळे छोट्या छोट्या कुटुंबांच्या मालकीचे ठेवले, पाने विकत घेण्यासाठी शासनाने कारखाने उभारले आणि परदेशी चहावर जबर आयातकर लावला. तो आजही १४५ टक्के आहे. परिणाम काय? तुर्कस्तान आज जगातील पहिल्या पाच-सहा चहा उत्पादकांत आहे आणि दरडोई चहा पिण्यात तर अग्रस्थानी. रासायनिक खतांच्या अतिरेकाने तिथल्या जमिनीही आजारी पडल्या आहेत, तेव्हा ते नंदनवन आहे असे मानण्याचे कारण नाही. परंतु बियाणे देणारा देश उजाड झाला आणि बियाणे घेणारा संपन्न झाला, हे वास्तव आहे. ज्यांच्या आजोबांच्या मळ्यातून ते बियाणे गेले, त्यांची नातवंडे सार्पीची सीमा ओलांडून रिझेच्या उतारांवर रोजंदारीवर पाने खुडतात. या कुटुंबातील मुलाने असे अकरा उन्हाळे काढले.

२०१६ च्या सुमारास एका परकीय ढेकण्याने पश्चिम जॉर्जियातील हेझलनटच्या बागा पोखरल्या. पीक हातचे गेले. त्या वर्षी आजींनी मुलाला विचारले म्हणे, ‘परक्याचा चहा खुडायला जातोस, मागे आपला उभा आहे तो कोण खुडणार?’

मग कोयते आणि कुऱ्हाडी निघाल्या. दोन हिवाळे नुसती साफसफाई चालली होती. काटेरी वेली इतक्या गुंतलेल्या की झुडूप कुठले आणि जाळी कुठली हे कळेना. रान बाजूला झाल्यावर चहाची झाडे जमिनीपासून जेमतेम वीतभर-हातभर ठेवून निर्दयपणे छाटली. शेजारी हसले. छाटलेल्या खोडाकडे पाहून सूनबाईंनाही वाटले, की आता हे मेले. वसंतात खोडांवर तांबूस कोंब फुटले. बियांपासून वाढलेल्या चहाचे मूळ खोल जाते. वर काहीही होवो, ते खाली जिवंत असते. तरीही अशा छाटणीनंतर पहिले वर्ष-दोन वर्षे फारसे काही खुडायचे नसते, झाडाला अंग धरू द्यायचे असते. म्हणजे दोन वर्षे साफसफाई आणि दोन वर्षे प्रतीक्षा. एवढा काळ घर कसे चालले? सूनबाईंच्या पगारावर आणि मुलाच्या आणखी दोन रिझे वाऱ्यांवर.

पहिला चहा बिघडला. नातवाने संगणकावर पाहून घड्याळ लावून केला होता. इतके तास कोमेजवणे, इतकी मिनिटे वळणे, इतके तास झाकून ठेवणे. वास गवताचाच राहिला. दुसऱ्या खेपेस आजींनी खुर्ची ओसरीत आणायला सांगितली. त्यांनी घड्याळाकडे पाहिलेच नाही. पाने मुठीत दाबून सोडली की ती किती सावकाश उलगडतात, देठ वाकवला की मोडतो की वळतो, एवढेच पाहिले. झाकलेल्या परातीवरचे फडके अधूनमधून उचलून वास घेतला. कच्च्या गवताचा वास सरून फळाचा वास येऊ लागतो, तो क्षण त्यांनी नाकाने पकडला. ‘आता,’ म्हणाल्या. पावसाळी दिवस होता, त्यामुळे तो क्षण नातवाच्या घड्याळाहून दीड तास उशिरा आला होता.

हा प्रसंग सांगताना त्या मुलीचे डोळे चमकत होते. मला मात्र आजींचे वय आठवत होते.

रानवट म्हणजे काय

शब्दांविषयी थोडे स्पष्ट असावे. जॉर्जियात खरा वन्य चहा नाही. तो युन्नानच्या जंगलांत आहे आणि आपल्या आसामात होता. १८२३ साली रॉबर्ट ब्रूसला सिंगफो या जनजातीच्या प्रमुखाने तो दाखवला, तेव्हा सिंगफोंना तो पिढ्यानपिढ्या ठाऊक होता. जॉर्जियातील झुडपे माणसाने लावलेली, माणसाने टाकलेली आणि मग रानाने सांभाळलेली. त्यांना ‘रानवट’ म्हणणे अधिक योग्य. परदेशी ग्राहकाला ‘रानात वाढलेला’ हा शब्द मोहक वाटतो आणि त्याला चांगला भाव मिळतो, हा भाग व्यापाराचा. पण त्या मोहक शब्दामागचा व्यवहार कठीण आहे. एक किलो चहासाठी साडेचार-पाच किलो हिरवी पाने लागतात. अशा मळ्यात झुडपे दाट नसतात, उंची सारखी नसते आणि दिवसभर खुडून हाती दोन-तीन किलो पाने आली तरी समाधान मानावे लागते. उत्पन्नाच्या दृष्टीने हे कुटुंब आजही श्रीमंत नाही. फक्त मुलाचे रिझेला जाणे थांबले आहे.

शासनानेही हालचाल केली. २०१६ साली ‘जॉर्जियन चहा’ नावाची योजना सुरू झाली. पडीक मळ्यांचे पुनरुज्जीवन करणाऱ्यांना खर्चाचा मोठा वाटा सरकार देऊ लागले, सरकारी जमिनीवरील ओसाड मळे भाडेपट्ट्याने मिळू लागले. २०१७ च्या सुमारास एस्टोनियातील काही मित्रांनी इमेरेतीत येऊन असे ओसाड मळे घेतले, जगभरातील चहाप्रेमींकडून छोट्या रकमा उभ्या केल्या आणि आज त्यांचा चहा युरोपात विकला जातो. मुळात चहाशी संबंध नसलेली ही मंडळी शिकत, चुकत, पुन्हा शिकत उभी राहिली. तेव्हा घरात आजी असल्याशिवाय काही होतच नाही, असा दावा मी करणार नाही. भांडवल, चिकाटी आणि बाजारपेठेची जाण असेल तर बाहेरचाही माणूस शिकतो. मात्र गावातल्या सामान्य कुटुंबाकडे चुका करत बसण्याइतका पैसा नसतो. त्याच्याकडे भांडवल एकच असते, ते म्हणजे घरात कुणाला तरी ठाऊक असलेली विद्या.

अनुदानाने काटेरी जाळ्या निघतात. अनुदानाने नाक मिळत नाही. झुडपाने तीस वर्षे माणसाविना काढली, आणखी तीस काढील. परंतु वळणी विभागात काम केलेल्या त्या पिढीतील बहुतेक जणी आज सत्तरी-ऐंशीत आहेत. ज्या घरांनी पाच-दहा वर्षांपूर्वी सुरुवात केली, त्यांना गुरू घरात मिळाला. जी घरे पुढच्या दशकात सुरुवात करतील, त्यांना मळा मिळेल, योजना मिळेल, कदाचित बाजारही मिळेल. शिकवणारे मिळेलच असे नाही.

धौलाधारच्या पायथ्याशी

हे सगळे वाचून ‘आपल्याला काय त्याचे’ असे म्हणण्याची सोय नाही. हिमाचल प्रदेशातील कांगडा खोऱ्याची कथा याच कथेची सख्खी बहीण आहे. १८४९ साली सहारणपूरच्या उद्यानाचे अधीक्षक डॉ. जेम्सन यांनी कांगड्यात चिनी वाणाची रोपे लावून पाहिली आणि १८५२ साली पालमपूरजवळ होल्टा येथे पहिला व्यापारी मळा उभा राहिला. चाक्वीप्रमाणेच इथेही चिनी वाण, थंड उतार, परदेशी प्रदर्शनांतील पदके. कांगड्याचा हिरवा चहा अमृतसरमार्गे अफगाणिस्तान आणि मध्य आशियापर्यंत जात असे. ४ एप्रिल १९०५ रोजी भूकंप झाला. सुमारे वीस हजार माणसे गेली, कारखाने जमीनदोस्त झाले आणि इंग्रज मळेवाल्यांनी मळे विकून काढता पाय घेतला. जॉर्जियाचे १९९१, ते कांगड्याचे १९०५.

इंग्रज गेले, स्थानिक कुटुंबांनी मात्र मळे सोडले नाहीत. त्यांनी घरच्या कढईत पाने भाजून, हातांनी वळून चहा चालू ठेवला. १९६४ साली पालमपूरला सहकारी कारखाना निघाला. २००५ साली भौगोलिक मानांकन मिळाले आणि २०२३ साली युरोपीय संघानेही ‘कांगडा चहा’ या नावाला संरक्षण दिले. हे सारे अभिमानास्पद आहे. पण नावाला संरक्षण मिळाले तेव्हा पानांची अवस्था काय होती? सरकारी दप्तरी चहाखालील क्षेत्र सुमारे २,३०० हेक्टर आहे आणि प्रत्यक्ष तोडणी होते ती त्यातील जेमतेम निम्म्यावर. १९९८ च्या सुमारास सतरा लाख किलोच्या पुढे गेलेले उत्पादन अलीकडच्या वर्षांत नऊ-दहा लाखांच्या आसपास घुटमळते आहे. उरलेल्या मळ्यांत घाणेरी माजली आहे. मळेवाले बहुतेक अत्यल्प भूधारक, मुले चंदीगड-दिल्लीला, खुडायला मजूर मिळत नाहीत. चहाच्या जमिनीला कमाल धारणा कायद्यातून १९७२ पासून सूट आहे, त्यामुळे ती अन्य कामासाठी वापरण्यावर निर्बंध आहेत. त्या निर्बंधांनी इमारती काही प्रमाणात थोपल्या असतील, पण कायदा कुणाला पाने खुडायला लावू शकत नाही.

माझे म्हणणे एवढेच आहे. कांगड्यासाठी ज्या योजना आखल्या जातात, त्यांत यंत्रे आहेत, रोपवाटिका आहेत, पर्यटन आहे. तोडणीयंत्राकडे तर मजूरटंचाईवरचा रामबाण म्हणून पाहिले जाते. ‘साकार्तवेलो’ची आठवण ठेवून त्याकडे सावधपणे पाहावे. सपाट, मोठ्या मळ्यांना आणि साध्या चहाला ते उपयोगी असेल. दोन-चार कनालांच्या उतारावरील रानवट झुडपांना ते मारक ठरेल. अशा मळ्यांना टनांच्या बाजारात स्थान नाही, पेल्याच्या बाजारात आहे. त्यासाठी घरातल्या घरात पन्नास-शंभर किलो उत्तम चहा करू शकणारी कुटुंबे हवीत आणि त्यांना शिकवायला, कढईत पाने भाजलेले हात हवेत. पालमपूरला १९८३ पासून केंद्र सरकारची हिमालयीन जैवसंपदेवर काम करणारी प्रयोगशाळा आहे. तिथल्या शास्त्रज्ञांनी, सहकारी संस्थेने आणि गावोगावच्या महिला मंडळांनी मिळून प्रथम एक यादी करावी: या खोऱ्यात हातांनी चहा वळलेली किती माणसे हयात आहेत? आणि त्यांना मानधन देऊन, मानाने ओसरीत खुर्ची देऊन, तरुणांसमोर बसवावे. हे काम फार खर्चाचे नाही. मात्र ते पुढच्या पंचवार्षिक आढाव्यापर्यंत थांबणारे नाही.

हा लेख लिहिताना वारंवार रत्नागिरी जिल्ह्यातील आमचे गाव डोळ्यांपुढे येत राहिले. तिथे चहा नाही. तांबडी माती आहे, पाऊस आहे आणि दहा घरांपैकी सहा घरांना कुलूप आहे. आमच्या वाट्याच्या दीड एकरात आजोबांनी लावलेली रातांब्याची वीस-बावीस झाडे होती. वडील मुंबईला आले, मी पुण्याला. वर्षातून एकदा कुलदैवताला जाताना बांधावरून पाहायचे आणि ‘रान फार वाढले’ असे म्हणून गाडीत बसायचे, हा आमचा शेतीशी संबंध. मागच्या खेपेस मुलाने विचारले, यातली आपली झाडे कोणती? मला सांगता आले नाही.

गावात माझ्या चुलत काकू आहेत. वय ब्याऐंशी. त्यांच्या हातची आमसुले वर्षभर मऊ राहतात, त्यांना पांढरी बुरशी धरत नाही. सालींना रसाची पुटे किती द्यायची आणि दोन पुटांमध्ये ऊन किती द्यायचे, हे त्या कुणाला विचारत नाहीत आणि त्यांनाही आजवर कुणी विचारलेले नाही. रातांबे एप्रिल-मे महिन्यांत पिकतात. यंदा मुलाला घेऊन पंधरा दिवस आधी जायचे ठरवले आहे. काल दूरध्वनीवर काकूंना तसे कळवले, तेव्हा त्या आधी बराच वेळ गप्प राहिल्या आणि मग म्हणाल्या, ‘येताना कोयता आणू नको, इथे आहे. धार मात्र तुला लावावी लागेल.’